एकेकटी बाई विश्वास ठेवते, मग तिच्या गटाची मीटिंग तो का ठेवत नाही?

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. तुमचा वसमतकडचा चौदा बायकांचा गट, तुमच्याकडं हळद शिजवायचा कुकर. शेजारच्या गावच्या गटाकडं हळद घासून चकचकीत करायचा पॉलिशर. हिशोब साधा होता, तुमचा कुकर त्यांना, त्यांचा पॉलिशर तुम्हाला, पैशाची देवघेव नाही. बाजारात, लग्नात, बसस्टँडवर भेटलं की तुमच्यातली प्रत्येक जण म्हणायची, देऊ की, त्या काय परक्या आहेत का. मग मीटिंग बसली आणि त्याच बायकांनी मिळून ठरवलं की पाच हजार डिपॉझिट घ्यायचं अन् कागदावर सही घ्यायची. शेजारच्या गटातल्या बायकांनी मुकाट्यानं दोन्ही दिलं, कुकर न धुता परत पाठवला, आणि महिन्याभरानं तुम्ही पॉलिशर मागितला तर "सध्या रिकामा नाही" म्हणाल्या. आता तुम्ही विचारायलात की असं का झालं, आणि इथून पुढं असले निर्णय एकमतानं घ्यावेत, बहुमतानं घ्यावेत का सरळ अध्यक्षावर सोडून द्यावेत.

मी पंचवीसेक वर्षं परभणी, हिंगोली, जालना ह्या पट्ट्यात पाणी वापर संस्था, बचत गट, शेतकरी कंपन्या यांच्यासोबत काम करतोय, आणि त्यातला जास्त वेळ दोन गटांचं जिथं अडतं तिथंच गेलाय. त्यामुळं पहिलं हे सांगतो की तुमच्या बायका दुटप्पी नाहीत. रस्त्यात बोलल्या ते पण खरं होतं आणि मीटिंगमध्ये बोलल्या ते पण खरं होतं. बदललं ते एवढंच की रस्त्यात एक माणूस एका माणसाबद्दल बोलत होता आणि मीटिंगमध्ये एक गट दुसऱ्या गटाबद्दल ठरवत होता, आणि ह्या दोन गोष्टींत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

ह्याच्यावर बाहेर बराच अभ्यास झालाय, तो सांगतो कारण तुमच्या कुकरशी त्याचा थेट संबंध आहे. १९९५ साली जॉइस बर्ग, जॉन डिकहॉट आणि केविन मॅकेब ह्या तीन संशोधकांनी एक प्रयोग केला. दोन माणसं, एकमेकांना न दिसणारी. पहिल्याला दहा डॉलर दिले, त्यातले वाटतील तेवढे दुसऱ्याला पाठव म्हणलं, आणि जेवढे पाठवेल त्याचे तिप्पट होऊन दुसऱ्याच्या हातात पडणार. मग दुसऱ्यानं त्यातले किती परत करायचे ते त्याच्या मनावर, सक्ती काहीच नाही. निव्वळ स्वार्थाचा हिशोब केला तर दुसरा एक पैसा परत करणार नाही, आणि हे पहिल्याला माहीत असल्यानं तोही काही पाठवणार नाही. पण झालं उलटं. ३२ पैकी ३० जणांनी काही ना काही पाठवलं, सरासरी पाच डॉलरच्या थोडं वर, आणि परत आलं ते सरासरी त्याच्यापेक्षा किंचित कमी. म्हणजे अनोळखी माणूसही अनोळखी माणसावर बऱ्यापैकी भरवसा टाकतो, आणि समोरचा तो बऱ्यापैकी राखतो. तुमचा कुकर म्हणजे ते पाठवलेले डॉलर समजा. तुमच्या अंगणात तो रिकामा पडून होता, त्यांच्याकडं गेला की त्याची किंमत वाढते, आणि पॉलिशर ही परतफेड.

पुढं २००७ साली तामार कुग्लर, गॅरी बॉर्नस्टाइन, मार्टिन कोखर आणि मथियास झुटर यांनी हाच खेळ एकट्या माणसांऐवजी तिघा-तिघांच्या गटांना खेळायला लावला. आपसात चर्चा करा, ठरवा, मग पाठवा. गटांनी एकट्या माणसापेक्षा कमी पाठवलं. पण परत करायची वेळ आली तेव्हा गटांनी एकट्या माणसाएवढंच परत केलं, हात आखडला नाही. ताई, ही गोष्ट नीट ध्यानात घ्या. गट विश्वास ठेवायला कचरतो, पण म्हणून तो विश्वासघातकी असतो असं नाही. तुमची मीटिंग ज्या गोष्टीला भ्यायली, म्हणजे समोरचा गट आपल्याला फसवेल, ती भीती जेवढी वाटते तेवढी खरी नसते, आणि गंमत म्हणजे समोरचा गटही तिकडं बसून तुमच्याबद्दल तीच भीती बाळगून असतो.

आता हा काही दगडावरचा नियम नाही. जेम्स कॉक्स यांच्या २००२ च्या ह्याच खेळाच्या प्रयोगात पाठवण्यात फारसा फरक निघाला नाही, उलट परत करताना गट कमी देताना दिसले. आणि अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठाचे मानसशास्त्रज्ञ चेस्टर इन्स्को आणि जॉन शॉप्लर यांनी वर्षानुवर्षं दाखवलंय की दोघं एकेकटे असले तर सहकार्य करतात, त्याच माणसांचे दोन गट केले की चढाओढ सुरू होते. कारणं त्यांनी सांगितली ती आपल्या कुठल्याही गावाला लागू आहेत. समोरचा गट लबाड असणार ही भीती, आपल्या गटासाठी लोभ केला तर त्याला सोबतीचं बळ मिळतं ते, आणि निर्णय सगळ्यांचा असल्यानं कुणा एकाचं नाव पुढं येत नाही ते. हे निकाल एकमेकांशी तंतोतंत जुळत नाहीत त्याचं एक कारण मला तरी असं दिसतं की 'गट' ही एक वस्तू नाही. गट कसा बसतो, कोण आधी बोलतो, कुणाला नकार द्यायचा अधिकार आहे, निर्णय समोरच्याला जाऊन कोण सांगतो, ह्याच्यावर सगळं फिरतं. माझ्या कामात तरी हेच बघितलंय.

एक मीटिंग डोळ्यासमोर आहे ती सांगतो. पैठणच्या डाव्या कालव्यावर, परभणी जिल्ह्यात, एका मायनरवर, म्हणजे कालव्यातून फुटणाऱ्या लहान चारीवर, दोन गावं. एक हेडला, म्हणजे पाणी सुरू होतं तिथं, एक टेलला, म्हणजे शेवटच्या टोकाला. नियमानं पाणी टेलपासून हेडकडं द्यायचं असतं, म्हणजे शेवटच्याला आधी. कागदावर असतं. प्रत्यक्षात हेडवाले आधी भिजवून घेतात आणि टेलला पाणी पोचेपर्यंत आवर्तन संपतं, हे कालव्यावरच्या कुणालाही विचारा. त्या वर्षी धरणात पाणी कमी, रब्बीला मोजक्याच पाळ्या मिळणार होत्या, टेलच्या गावानं निरोप धाडला की एक पाळी आम्हाला आधी घेऊ द्या, चार दिवसांत आम्ही आमचं उरकून गेट टाकतो, मग उरलेले दिवस तुमचे. हेडवाल्यांना धोका असा की टेलवाल्यांनी चारच्या जागी सात दिवस घेतले तर कालवा बंद व्हायची तारीख तर ठरलेली, हेडचा गहू-हरभरा वाळणार.

मीटिंगच्या आधी हॉटेलात चहा पिताना हेडच्या चार कर्त्या माणसांशी बोललो. चौघंही म्हणले, द्यायला पाहिजे, गेल्या साली त्यांची ज्वारी आपल्या डोळ्यादेखत करपली. मग रात्री मारुतीच्या देवळात बैठक. एकोणीस जण, सतरंजीवर, सोलरचा एक दिवा. सुरुवात बरी झाली. मग मागून एक जण, भिंतीला टेकून बसलेला, शांतपणे म्हणला, "देऊ पाणी. पण उद्या त्यांनी गेट नाही टाकलं तर जबाबदार कोण?"

झालं. सगळे गप्प. चहाच्या टेबलावर हो म्हणणारे चौघं पण खाली बघायले. कारण "मी जबाबदार" असं म्हणायची हिंमत कुणातच नव्हती, आणि का असावी, एकोणीस जणांच्या पिकाचा बोजा एकट्यानं का घ्यावा. पंधरा मिनिटांत ठरलं की टेलवाल्यांकडून स्टॅम्प पेपर घ्या, शिवाय हमी म्हणून पैसे जमा करून घ्या. अगदी तुमच्या डिपॉझिटसारखं.

त्या एका वाक्याचा मी पुढं खूप विचार केला, कारण नंतर ते मला प्रत्येक गावात ऐकू आलं, शब्द थोडेफार वेगळे. "जबाबदार कोण." ह्या प्रश्नाची ताकद अशी की तो एकाच बाजूला चालतो. विश्वास ठेवला अन् फसलो तर नुकसान दिसतं, मोजता येतं, आणि ज्यानं आग्रह धरला त्याचं नाव घेता येतं. पण विश्वास ठेवला नाही म्हणून जे हातचं गेलं, तुमचा पॉलिशर, टेलच्या गावाची मदत, पुढच्या दहा वर्षांचं येणं-जाणं, त्याचं नुकसान कुणाच्याच नावावर लागत नाही. ते प्रोसिडिंग बुकात, म्हणजे मीटिंगच्या नोंदवहीत, येत नाही. संशय घेणाऱ्याला "तुझ्यामुळं आपण काय गमावलं" असं आजपर्यंत एकाही मीटिंगमध्ये कुणी विचारलेलं मी ऐकलं नाही. म्हणून मीटिंगमध्ये सगळ्यात सावध माणूस सगळ्यात शहाणा दिसतो, आणि बाकीचे मनात वेगळं असूनही त्याच्या मागं जातात. एकटा माणूस घरी बसून ठरवतो तेव्हा दोन्ही बाजूंचं नुकसान त्याच्याच पदरात असतं, म्हणून तो तोलून बघतो.

इथंच तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर येतं. एकमत हे ऐकायला फार चांगलं वाटतं, आणि सदस्यांना आपलं ऐकलं गेलं असं वाटायला त्याचा उपयोगही होतो, पण दुसऱ्या गटावर भरवसा टाकायचा का नाही ह्या प्रश्नावर एकमत मागितलं की तुम्ही निर्णय चौदा जणींपैकी सगळ्यात घाबरट बाईच्या हातात दिला. बाकी तेराजणींनी काहीही म्हणो. बहुमतात मधल्या माणसाचं चालतं, त्यामुळं भरवसा थोडा जास्त टाकला जातो, पण हरलेले पाच-सहा जण बाहेर पडून दुसऱ्या गावात आपला वेगळा सूर लावतात, "आमचं तर मन नव्हतं", आणि समोरच्यांना कळत नाही की ह्या गटाचा शब्द नक्की कुणाचा. अध्यक्षावर सोडलं तर काम पटकन होतं, बऱ्याचदा चांगलंही होतं, पण तो विश्वास अध्यक्षाचा असतो, गटाचा नसतो. बीडकडच्या ऊसतोड टोळ्या बघा. कारखाना आणि टोळी यांच्यात सगळा व्यवहार मुकादम ह्या एका माणसावर उभा, उचल म्हणजे आगाऊ पैसे त्याच्या हातून येतात, शब्द त्याचा जातो. टोळीतल्या कोयत्यांना, म्हणजे ऊस तोडणाऱ्या जोडप्यांना, समोरच्याशी बोलायला जागाच नाही. मुकादम बुडाला किंवा पळाला की दोन्हीकडचे एकमेकांना चोर समजायलेत, कारण त्यांची आपसात कधी ओळखच झालेली नसते.

आणि प्रतिनिधी पाठवायचा तर त्यातही एक अडचण आहे. ज्याला गटानं "एवढंच बोल, ह्याच्या पलीकडं जाऊ नको" असं सांगून धाडलं तो तिथं समोरच्याशी बोलतच नसतो, तो परत येऊन आपल्या गटाला काय सांगायचं त्याची तयारी करत असतो. जरा सैल झाला तर घरी शिव्या, ताठ राहिला तर शाबासकी. असा माणूस समझोता करून येईल ही आशाच नको.

मग आम्ही त्या मायनरवर काय केलं. स्टॅम्प पेपरचं ठरलं त्या रात्री मला झोप नाही आली. दुसऱ्या दिवशी सरपंचाला आणि संस्थेच्या अध्यक्षाला म्हणलं की अजून एकदा बसू, पण यावेळी आधी कुणी बोलायचं नाही. एक मातीचं मडकं घेतलं, तोंडावर फडकं. प्रत्येकाला एक ज्वारीचा दाणा, एक तुरीचा. टेलला आधी पाणी द्यायचं वाटतं त्यानं ज्वारी टाकायची, नको वाटतं त्यानं तूर, उरलेला दाणा खिशात. एकोणीस जण एकेक करून उठले, हात फडक्याखाली, परत बसले. मडकं सतरंजीवर उपडं केलं तर ज्वारी बारा, तूर सात. देवळात एकदम कुजबुज झाली. कालच्या बैठकीत एकानंही उघड बाजू घेतली नव्हती आणि आज बारा जण मनातून तयार निघाले. प्रत्येकाला वाटत होतं की आपण एकटेच मवाळ आहोत.

मग दुसरा प्रश्न टाकला आणि हा खरा महत्त्वाचा. द्यायचं का नाही हे सोडा, बुडालंच तर आपण किती सोसू शकतो? ह्याच्यावर मात्र सगळ्यांचं एकमत घेतलं, त्या तूर टाकणाऱ्या सात जणांचं सुद्धा, खास करून त्यांचंच. तासभर हिशोब चालला, कुणाचा किती गहू, कुणाच्या विहिरीला पाणी आहे, आणि ठरलं की एका पाळीचे चार दिवस गेले तरी हेडचं गाव मरत नाही. झालं, चार दिवस ही हद्द. ह्या हद्दीच्या आत काय करायचं ते दोन माणसांवर सोपवलं, त्यांच्या मागं कुणी लागायचं नाही, आणि बुडालं तर "जबाबदार कोण" ह्याचं उत्तर आधीच प्रोसिडिंगमध्ये लिहून ठेवलं, आम्ही सगळे, सही, अंगठा. स्टॅम्प पेपर रद्द.

टेलच्या लोकांनी चौथ्या रात्री तीनच्या सुमाराला फोन केला. "आमचं झालं, गेट टाकलंय, येऊन बघून जावा." आम्ही बॅटऱ्या घेऊन गेलो. गेट तर खाली होतंच, पण ते जुनं, कडेनं गळणारं गेट होतं, त्या फटीत त्यांनी मातीनं भरलेलं पोतं दाबून बसवलं होतं, वरून चिखल थापला होता. हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. हेडचा तो भिंतीला टेकून बसणारा माणूस आमच्या सोबत होता, त्यानं खाली वाकून पोत्याला हात लावून बघितला आणि काही बोलला नाही. पुढच्या साली रब्बीच्या आधी मायनर साफ करायच्या वेळेला टेलवाले ट्रॅक्टर घेऊन हेडच्या हद्दीत आले, गाळ अन् बेशरमाची झुडपं काढायला, न बोलावता.

हमीचे पैसे घेतले असते तर पोतं आलं असतं का? मला नाही वाटत. आणि हे नुसतं माझं मन सांगत नाही. अर्न्स्ट फेअर आणि बेटिना रॉकेनबाख यांनी २००३ साली तोच पैशाचा खेळ घेतला आणि पाठवणाऱ्याला एक जादा हत्यार दिलं, कमी परत केलंस तर दंड लावीन असं तो आधी बजावू शकत होता. ज्यांनी दंडाची धमकी दिली त्यांना परत कमी मिळालं. आणि ज्यांच्या हातात दंड होता पण त्यांनी मुद्दाम तो लावला नाही, त्यांना सगळ्यात जास्त परत मिळालं, दंडाची सोयच नसलेल्या खेळापेक्षाही जास्त. समोरचा बघतो की हा मला बांधू शकत होता आणि यानं बांधलं नाही. तुमच्या डिपॉझिटनं नेमकं हे घालवलं. पाच हजार घेतल्यावर कुकर ही शेजारणीनं दिलेली वस्तू राहिली नाही, भाड्याची झाली. भाड्याची गाडी कोण धुवून देतं? त्यांचं न धुणं हा उद्धटपणा नव्हता ताई, तुम्हीच व्यवहार ज्या पायरीवर नेऊन ठेवला त्या पायरीवरून त्या वागल्या.

आपल्याकडं सावड आणि इर्जिक होतं, अजून कुठं कुठं आहे. एकाचा बैल दुसऱ्याच्या बैलासोबत जुंपायचा, एकाच्या रानात सगळ्यांनी राबायचं अन् जेवायचं, मग दुसऱ्याच्या. त्यात लिखापढी नव्हती, पण मीटिंगही नव्हती हे कुणी लक्षात घेत नाही. घर आणि घर, तोंडासमोर तोंड. चुकलं तर दुसऱ्या दिवशी विहिरीवर भेटायचंच होतं. आपण गट केले, कंपन्या केल्या, ते चांगलंच केलं, एकट्या बाईला कुकर कुणी दिला नसता. पण गट केल्यावर ती तोंडासमोरची ओढ आपोआप येत नाही, ती मुद्दाम आणून बसवावी लागते. आता मोठ्या पातळीवर बघा, पैठणच्या जायकवाडी धरणाचं पाणी. वर नाशिक-नगर, खाली आपण. २००५ चा जलसंपत्ती नियमन कायदा झाला, पुढं त्याच्या आधारानं २०१४ साली, ऑक्टोबरमध्ये जायकवाडीचा उपयुक्त साठा ६५ टक्क्यांच्या खाली असला तर वरच्या धरणांतून पाणी सोडायचं असं सूत्र ठरलं. सूत्र लागतंच, मी त्याच्या बाजूचा आहे, इतक्या मोठ्या गटांत नुसत्या भरवशावर चालत नाही. पण कमी पावसाच्या वर्षी दोन्हीकडचे आपापल्या बैठकीत बसून ठराव करतात, मोर्चे, कोर्ट, आणि वरचा शेतकरी खालच्या शेतकऱ्याचं रान कधी बघतच नाही. सूत्रानं पाणी येतं. पोतं येत नाही.

एक वाईट अनुभव पण सांगितला पाहिजे नाहीतर तुम्हाला वाटेल मडकं ठेवलं की सगळं झालं. त्याच मायनरवर तिसऱ्या साली हेडच्या संस्थेत नवीन लोक निवडून आले. टेलवाले पाणी आधी मागायला आले तर नवे पदाधिकारी म्हणले, "ते जुन्यांनी ठरवलं होतं, आम्ही नाही." मला फार लागलं ते. टेलवाल्यांनी ट्रॅक्टर आणले ते गावासाठी, जुन्या अध्यक्षासाठी नाही. चूक माझीही होती, परतफेडीची गोष्ट आम्ही माणसांच्या आठवणीवर सोडली होती. त्यानंतर मी प्रत्येक गटाला एक गोष्ट हात जोडून सांगतो, परतफेडीवर मीटिंग घेऊ नका. द्यायचं का नाही ह्याच्यावर हवी तेवढी चर्चा करा, पण घेतलेलं कसं फेडायचं ते घेण्याच्या आधी ठरवून लिहून टाका आणि वेळ आली की सचिवानं किंवा कोषाध्यक्षानं ते करूनच टाकायचं, पुन्हा विषयपत्रिकेवर आणायचंच नाही. कारण फेडायच्या वेळेला बसलं की कुणीतरी म्हणणारच की त्यांनी तेव्हा उशीर केला होता, आपण पण करू. बारा जणांच्या मनात असो नसो, ते वाक्य एकदा खोलीत आलं की जात नाही.

अजून एक, निरोप कसा जातो. तुम्ही लिहिलंय की डिपॉझिटचं त्यांना व्हॉट्सॲपवर ठरावाचा फोटो पाठवून कळवलं. "सर्वानुमते ठरले की." बघा, ह्या तीन शब्दांत समोरच्या बाईला बोलायला कुणी माणूसच उरत नाही. रागवायचं तर कुणावर, सगळ्या चौदाजणींवर. म्हणून मग एका बाईच्या बोलण्यावरून "त्या गावच्या बायका तसल्याच" असं होतं. चांगलं दिलं तरी तेच, सर्वानुमते दिलेल्याचे उपकार कुणाच्याच नावावर पडत नाहीत, आणि आभार मानायला माणूस नसला की परतफेडीची ओढही पातळ होते. म्हणून निरोप घेऊन माणसं गेली पाहिजेत, दोन-तीन तरी, आणि त्यांनी आपल्या गटात चर्चा कशी झाली ते पण खरं खरं सांगावं. "आमच्यातल्या काही जणी भ्यायल्या होत्या, तरी द्यायचं ठरलं" हे ऐकल्यावर समोरच्याला कमीपणा वाटत नाही, उलट त्याला कळतं की ह्यांनी आपल्यासाठी घरात भांडण काढलंय.

तर ताई, आता हंगाम तोंडावर आलाय. काढणी सुरू झाली की कुणालाच बोलायला वेळ नसतो, त्याच्या आधी करा. पहिल्यांदा तुमच्या चौदाजणींत मडकं किंवा चिठ्ठ्या, बोलायच्या आधी. मग हद्द ठरवा, कुकर बिघडला तर गॅस्केट, व्हॉल्व्ह किंवा वेल्डिंगचा किती खर्च गट सोसू शकतो, आणि किती दिवस तो गावाबाहेर राहिला तर तुमची स्वतःची हळद अडत नाही. ह्याच्यावर एकमत पाहिजे, इथं घाई करू नका, ज्या बाईची दीड एकर हळद सगळ्यात शेवटी शिजणार आहे तिला पहिल्यांदा बोलू द्या. हद्द ठरली की आतलं दोघींवर सोडा. सुरुवातीला एका घरची हळद शिजेल एवढाच कुकर द्या, दोन दिवस, मग वाढवा. कुकर धुवून द्यायचा, पॉलिशर कुठल्या आठवड्यात मिळणार, बिघाड झाला तर कोण काय करणार, हे दोन्ही गटांच्या दोघी-दोघी एकत्र बसून एकाच कागदावर लिहा आणि तो कागद दोन्ही गटांच्या प्रोसिडिंगमध्ये चिकटवा. हा कागद डिपॉझिटच्या कागदासारखा नाही, तो तुम्ही त्यांच्याकडून घेतला होता, हा दोघींचा आहे. कुणी चुकलं तर पहिल्या वेळेला नुसतं सांगायचं, दंडाची भाषा नाही. ग्रामसंघाकडं, म्हणजे बचत गटांच्या गावातल्या संघाकडं, जाता येतं हे दोघींनाही माहीत आहे, ते बोलून दाखवायची गरज नाही.

पण ह्या सगळ्याच्या आधी एक काम. ते पाच हजार अजून तुमच्या खात्यात आहेत असं तुम्ही लिहिलंय, कुकर परत येऊन सहा महिने झाले तरी. ते काढा आणि परत द्या. ऑनलाइन पाठवू नका, पाकिटात घालून घेऊन जा, आणि त्या दिवशी पॉलिशरचा विषय काढू नका, त्यांनी काढला तरच बोला. तुम्ही जा, अजून एक जण न्या, आणि तिसरी म्हणून मीटिंगमध्ये ज्या बाईनं डिपॉझिटचा सगळ्यात जास्त आग्रह धरला होता तिला न्या. ती नाही म्हणेल, तिची समजूत काढा. पाकीट तिच्या हातात द्या.